यादीतल्या आणि यादीबाहेरच्या

इसवी सनापूर्वी ६२२च्या सुमारास जेरुसलेमच्या मंदिराची डागडुजी चालली होती. सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या मजुरीचा हिशेब चालू असताना महायाजक हिल्कीयाने चिटणीस शाफानाला सांगितले की मंदिरात नियमशास्त्राची एक गुंडाळी सापडली आहे. शाफानाने ती योशीया राजाला वाचून दाखवली. ऐकता ऐकता राजाने अंगावरची वस्त्रे फाडली, कारण तिच्यातला मजकूर प्रमाण मानायचा तर त्याच्या राज्याचे दिवस भरले होते. पण तो प्रमाण मानायचा की नाही, हे सांगणार कोण? ते विचारून यायला राजाने महायाजकासह पाच जणांना पाठवले. यिर्मया संदेष्टा तेव्हा हयात होता, चार-पाच वर्षे बोलत होता. हे पाच जण त्याच्याकडे गेले नाहीत. ते हुल्दाकडे गेले.

हुल्दा ही राजाच्या वस्त्रभांडाराची देखरेख करणाऱ्या शल्लूमची बायको, शहराच्या नव्या वस्तीत राहणारी. तिच्याबद्दल याहून जास्त माहिती ‘दुसरे राजे’ या ग्रंथात नाही. तिने निकाल दिला तो असा: ग्रंथ खरा, त्यातले शाप खरे, राज्य बुडणार, मात्र राजा वरमला आहे म्हणून त्याच्या हयातीत नाही. बोलताना राजाचा पहिला उल्लेखही तिने नुसता माणूस म्हणून केला. १८०५ साली डे वेट या जर्मन अभ्यासकाने ही गुंडाळी म्हणजे आजच्या ‘अनुवाद’ या ग्रंथाचा गाभा असावा असे मांडले आणि बहुतेक अभ्यासक थोड्याफार फरकाने आजही तेच धरून चालतात. लिहिलेला एखादा ग्रंथ देवाचा शब्द आहे असा निवाडा कोणी दिल्याची बायबलमधली ही पहिली नोंद आहे, आणि तो निवाडा देणारी बाई आहे.

प्रस्तुत संग्रहातल्या कथा वाचण्याआधी ही घटना सांगावीशी वाटली, त्याला कारण आहे. दबोरा, याएल, रूथ, एस्तेर, यहुदीत, सुसान्ना यांच्या गोष्टी आपल्याकडे येतात त्या बहुधा सुट्या येतात: रविवारच्या शाळेतल्या चित्रांतून, युरोपातल्या संग्रहालयांतल्या रंगचित्रांतून, एखाद्या हॉलिवूडपटातून. त्यामुळे या सगळ्या एकाच ग्रंथातल्या, एकाच पंगतीला बसलेल्या बाया आहेत असा समज होतो. तसे नाही. यांतल्या काहींना ज्यूंच्या धर्मग्रंथात जागा मिळाली, काहींना मिळाली नाही, आणि काहींची जागा कित्येक शतके वादात राहिली. ही निवड पराक्रमाच्या मापाने झालेली नाही. मग ती कशी झाली, ते सांगणे हे या प्रस्तावनेचे काम.

ज्यूंचा धर्मग्रंथ म्हणजे तनाख. तोरा, संदेष्टे आणि इतर लेख असे त्याचे तीन भाग आणि एकूण २४ ग्रंथ. प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा जुना करार याच मजकुराचे तुकडे वेगळे पाडून ३९ मोजतो. कॅथलिकांचा ४६ मोजतो, कारण त्यात आणखी काही ग्रंथ आहेत. तोरा सगळ्यांत आधी स्थिरावली, मग संदेष्टे. तिसऱ्या भागाची हद्द मात्र बराच काळ सैल होती. पहिल्या शतकाच्या अखेरीस इतिहासकार जोसेफस २२ ग्रंथ सांगतो. त्याच सुमाराचा दुसरा एक लेखक २४ ग्रंथ सर्वांसाठी आणि ७० ग्रंथ फक्त शहाण्यांसाठी असल्याचे सांगतो. या सत्तरांचे पुढे काय झाले असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

ही यादी एका बैठकीत ठरली असे आपण अनेक पुस्तकांत वाचतो. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळले, विद्वान किनाऱ्याजवळच्या यावने गावी जमले आणि ९०च्या सुमारास त्यांनी मतदान करावे तशी यादी पक्की केली, अशी ती हकिकत. तिचे मूळ हाइनरिख ग्रेट्झ या इतिहासकाराच्या १८७१च्या एका तर्कात आहे. जवळजवळ शंभर वर्षे तो तर्क इतिहास म्हणून शिकवला गेला. १९६४ साली जॅक लुइस यांनी मूळ पुरावे पुन्हा तपासले, तेव्हा हाती एवढेच उरले की यावनेला काही विद्वानांनी गीतरत्न आणि उपदेशक या दोन ग्रंथांवर वाद घातला होता. परिषद नाही, ठराव नाही, यादीही नाही.

त्या वादाची भाषा मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. अमुक ग्रंथ पवित्र आहे का, असे ते विद्वान विचारत नाहीत. तो ‘हात विटाळतो का’ असे विचारतात. जो ग्रंथ खरा पवित्र, त्याला हात लावला की हात धुवावे लागत. ऐकायला उलटे वाटते, पण त्यामागची तल्मूद या रब्बींच्या चर्चांच्या संकलनाने दिलेली मखलाशी व्यवहारी आहे: लोक याजकांच्या वाट्याचे धान्य आणि गुंडाळ्या एकाच ठिकाणी ठेवत, दोन्ही पवित्र म्हणून, मग धान्याला उंदीर येत आणि ग्रंथ कुरतडत. विटाळाचा नियम केला आणि ग्रंथ कोठीतून बाहेर पडले. सोवळ्याओवळ्याचा इतका कामाचा उपयोग मी दुसरीकडे वाचलेला नाही.

आता बायांकडे येऊ. सगळ्यांत जुन्या थरापासून सुरुवात केली तर तिथे त्या भरपूर आहेत आणि त्यांना कोणी दडवलेले नाही. ‘निर्गम’च्या पहिल्याच अध्यायात इजिप्तच्या बलाढ्य राजाचे नाव लेखकाला सांगावेसे वाटले नाही, पण त्याचा हुकूम मोडून मुलगे जगवणाऱ्या दोन सुइणींची नावे त्याने नोंदवली आहेत, शिप्रा आणि पुवा. कुठल्या फारोने हा हुकूम काढला यावर अभ्यासक अजून भांडतात. सुइणींच्या बाबतीत असा प्रश्नच उरलेला नाही.

दबोरा एफ्राईमच्या डोंगरात, रामा आणि बेथेल यांच्या मधे, एका ताडाखाली बसून न्यायनिवाडे करी. कनानी सेनापती सीसरा याच्याकडे ९०० लोखंडी रथ होते. दबोराने बाराकला लढाईचा हुकूम दिला, तेव्हा तू बरोबर आलीस तरच जातो असे त्याने सांगितले. ती गेली, आणि जाताना त्याला बजावले की या विजयाचा मान तुला मिळणार नाही, सीसरा एका बाईच्या हाती पडेल. ऐकणाऱ्याला वाटते ती स्वतःबद्दल बोलते आहे. तसे होत नाही. किशोन नदीच्या चिखलात रथ रुतले, सीसरा पायी पळाला आणि याएल नावाच्या बाईच्या तंबूत शिरला. तिचा नवरा केनी जमातीचा, सीसराच्या राजाशी सलोखा असलेला. सीसराने पाणी मागितले, तिने दूध दिले, पांघरूण घातले, आणि तो झोपल्यावर तंबूची मेख त्याच्या कानशिलातून जमिनीत ठोकली. फिरत्या जमातीत तंबू ठोकणे हे बायांचेच काम. तिला हत्यार शोधावे लागले नाही.

ही कथा ‘शास्ते’ या ग्रंथात दोनदा येते, चौथ्या अध्यायात गद्यात आणि पाचव्यात गीतात. गीताची हिब्रू इतकी जुनी आहे की संपूर्ण बायबलमधल्या सर्वांत प्राचीन मजकुरांत त्याची गणना होते. त्याचा शेवट मला दरवेळी अस्वस्थ करतो. सीसराची आई खिडकीच्या जाळीतून रथाची वाट पाहते आहे. उशीर का होतोय, असे ती विचारते, आणि तिच्या शहाण्या सख्या तिची समजूत घालतात की लूट वाटून घेत असतील, प्रत्येकाला एकदोन पोरी मिळाल्या असतील. जिंकणाऱ्या बाजूच्या कवीने, बहुधा कवयित्रीने, शत्रूच्या आईला शेवटचे शब्द दिले आणि त्यातून युद्धात बाईचे काय होते हेही सांगितले. याएलच्या हातोड्याबद्दल नापसंती दाखवणाऱ्या टीकाकारांनी हे कडवे पुन्हा वाचायला हवे.

याच ग्रंथात यफ्ताहची मुलगी आहे. बापाने विजयासाठी अविचाराने नवस केला आणि तो फेडायला तिचा बळी दिला. तिचे नावही आपल्याला माहीत नाही. त्याच ग्रंथाच्या शेवटी लेव्याची उपपत्नी आहे. तिच्या वाट्याला जे आले ते इथे लिहवत नाही. धर्मग्रंथात स्थान मिळाले म्हणजे मान मिळाला, असे समजणाऱ्याने ही दोन पाने जरूर वाचावीत. यफ्ताहच्या मुलीसाठी इस्राएलच्या मुली दरवर्षी चार दिवस शोक करायला जात, असे तिथे लिहिले आहे. तो सण पुढे लोपला. गोष्ट उरली.

दुसऱ्या शतकाच्या आरंभी, म्हणजे इसवी सनापूर्वी १८०च्या आसपास, जेरुसलेममध्ये बेन सिरा नावाचा एक शिक्षक होऊन गेला. त्याने पूर्वजांची एक लांबलचक स्तुती लिहिली. हनोख आणि नोहापासून आपल्या काळच्या महायाजकापर्यंत नावांमागून नावे येतात. त्यात एकाही बाईची स्तुती नाही. दबोरा नाही, मिर्याम नाही, हुल्दा नाही, योशीया आहे. बायकांचा उल्लेख येतो तो शलमोनाला नादी लावणाऱ्या म्हणून. एस्तेरही नाही, अर्थात तिचा ग्रंथ तेव्हा त्याच्या हाती होता की नाही, हे कोण सांगणार. बेन सिराचा हा ग्रंथ ज्यूंच्या यादीत आला नाही. पण त्याची नजर पुढेही भेटते. तल्मूदने सात संदेष्ट्या मान्य केल्या: सारा, मिर्याम, दबोरा, हन्ना, अबीगईल, हुल्दा आणि एस्तेर. आणि त्याच पानाच्या आसपास रब्बी नहमान यांचा शेरा आहे की बाईला ताठा शोभत नाही. दबोरा म्हणजे मधमाशी आणि हुल्दा म्हणजे मुंगसासारखे जनावर, नावेच बघा. दबोराने बाराकला बोलावून घेतले, स्वतः गेली नाही, आणि हुल्दाने राजाला ‘माणूस’ म्हटले, हे त्यांचे आक्षेप. यिर्मयाला सोडून हुल्दाकडे का गेले, याचेही एक उत्तर तिथे आहे: बाया दयाळू असतात. हुल्दाने दिलेला निकाल वाचलेल्या माणसाला हे उत्तर पटणे कठीण आहे.

एस्तेरचा प्रवास या सगळ्यांत चमत्कारिक. पर्शियाच्या दरबारातली ही कथा: वश्ती राणीने मेजवानीत येऊन रूप दाखवायला नकार दिला म्हणून तिची गच्छंती, मग राज्यभरातून मुली गोळा करणे, त्यांतून अनाथ ज्यू मुलगी राणी होणे, वजीर हामानाने सगळ्या ज्यूंच्या कत्तलीचा दिवस चिठ्ठ्या टाकून ठरवणे, आणि न बोलावता राजापुढे गेल्यास मृत्यू हे माहीत असून एस्तेरने जाणे. हिब्रू मजकुरात देवाचे नाव एकदाही येत नाही. प्रार्थना नाही, मंदिर नाही, खाण्यापिण्याचे निर्बंध नाहीत. उपवास तेवढा आहे. राणी परधर्मीयाच्या अंतःपुरात आयुष्य काढते. १९४७ पासून मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत नऊशेच्या आसपास हस्तलिखितांचे अवशेष मिळाले. त्यांत हिब्रू बायबलच्या जवळजवळ प्रत्येक ग्रंथाचा निदान एखादा तुकडा आहे, एस्तेरचा एकही नाही.

ग्रीक बोलणाऱ्या ज्यूंना ही उणीव जाणवली असणार. त्यांच्या ग्रीक एस्तेरमध्ये सहा ठिकाणी भर आहे, शंभरावर वचने. तिथे तिला वाढवणारा मर्दखय प्रार्थना करतो, एस्तेर प्रार्थना करते, परक्याच्या शय्येची आपल्याला किळस येते असे देवाला सांगते, आणि राजापुढे घेरी येऊन पडते. मूळ एस्तेर घेरी येऊन पडत नाही. ती नटूनथटून जाऊन उभी राहते आणि मेजवानीचे आमंत्रण देते. धर्मनिष्ठ संपादकांनी तिला सात्त्विक केले आणि जरा दुबळी केले, असे माझे मत आहे.

तल्मूदमध्ये एस्तेर स्वतःच विद्वानांकडे निरोप पाठवते अशी एक आख्यायिका आहे: पुढच्या पिढ्यांसाठी माझी गोष्ट लिहून ठेवा. ते कचरतात, कारण इतर लोकांचा रोष होईल. ती म्हणते, मी आधीच मेदी आणि पारसी राजांच्या बखरींत लिहिली गेले आहे. तिसऱ्या शतकातले बाबेलचे शमुवेल यांचे तरी म्हणणे होते की एस्तेर हात विटाळत नाही. ख्रिस्ती लोकांतही तेच. १७०च्या सुमारास सार्दीसच्या मेलितोने केलेल्या जुन्या कराराच्या यादीत ती नाही. ३६७ साली अलेक्झांड्रियाच्या अथनासियसने ग्रंथ दोन फळ्यांवर लावले, प्रमाण आणि नुसते वाचनीय. एस्तेर आणि यहुदीत दोघी दुसऱ्या फळीवर शेजारी आहेत.

मग एस्तेर आत कशी आली? पुरीममुळे. आदार महिन्यात हा सण घरोघर होत होता, लोक गुंडाळी वाचून हामानाच्या नावाला गोंगाट करत होते, एकमेकांकडे खाऊ पाठवत होते. वर्षातून एकदा सगळी वस्ती जो ग्रंथ वाचते तो पवित्र नाही असे सांगणे कुठल्याही रब्बीला झेपणारे नव्हते. आणि हा सण लावून दिल्याचे पत्र, त्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायाप्रमाणे, राणी एस्तेरने पूर्ण अधिकाराने लिहिले. हिब्रू बायबलमध्ये राजमुद्रेच्या जोरावर पत्रे लिहिणारी दुसरी बाई इजबेल, आणि तिची पत्रे एका निरपराध माणसाचा जीव घेतात.

यहुदीतला असा सण नव्हता. इंग्रजीतून ओळख झालेल्यांना ती ज्युडिथ म्हणून माहीत असेल. तिच्या गोष्टीचे सोळा अध्याय ग्रीकमध्ये टिकले. मूळ हिब्रू होते की नाही, यावर एकमत नाही. लिहिली गेली बहुधा इसवी सनापूर्वी १००च्या आसपास, म्हणजे मक्काबी या ज्यू राजघराण्याच्या अमदानीत. पहिल्याच वाक्यात लेखक सांगतो की नबुखद्नेस्सर निनवे शहरातून अश्शूरांवर राज्य करत होता. नबुखद्नेस्सर बाबेलचा राजा; तो गादीवर आला इसवी सनापूर्वी ६०५ मध्ये आणि निनवे त्याआधी सात वर्षे बेचिराख झाले होते. जेरुसलेमचा नाश याच राजाने केला, हे तर त्या काळचे शेंबडे पोरही जाणत होते. गोष्टीत मात्र ज्यू लोक नुकतेच हद्दपारीतून परतलेले आहेत आणि मंदिर पुन्हा उभे आहे. सगळे शत्रू एका पात्रात घातले आहेत. ही इतिहासाची चूक नव्हे, लेखकाने वाचकाला डोळा मारला आहे.

सात अध्याय यहुदीतचा पत्ता नाही. नबुखद्नेस्सरचा सेनापती होलोफर्नेस प्रचंड सैन्य घेऊन येतो, बेथुलिया नावाच्या डोंगरी गावाचे पाणी तोडतो, आणि गावचे वडीलधारे ठरवतात की पाच दिवस वाट पाहू, तोवर देवाने सोडवले नाही तर शरण जाऊ. आठव्या अध्यायात ती येते, एक श्रीमंत विधवा. नवरा मनश्शे जवाच्या कापणीच्या वेळी ऊन लागून गेला, त्याला तीन वर्षे चार महिने झालेत, आणि ती गच्चीवर झोपडी करून उपवास करत राहते. बायबलमधल्या कोणत्याही बाईची दिलेली नाही इतकी लांब वंशावळ लेखक तिला देतो. ती वडीलधाऱ्यांना बोलावून घेते आणि फैलावर घेते: देवाला मुदत घालून देणारे तुम्ही कोण? गावचा प्रमुख उज्जीया म्हणतो, तुझे बरोबर आहे, आता पावसासाठी प्रार्थना कर. हे उत्तर वाचून मी दरवेळी हसते.

पुढची गोष्ट संग्रहात विस्ताराने आहे, ती मी सांगत नाही. फक्त तिच्या तयारीकडे लक्ष वेधते. ती दासीसह शत्रूच्या छावणीत जाते ते स्वतःचे अन्न आणि भांडी बरोबर घेऊन, कारण परक्यांचे अन्न तिला चालत नाही. रोज रात्री झऱ्यावर स्नान आणि प्रार्थना करायला छावणीबाहेर जाण्याची परवानगी ती आधीच काढून घेते. पहारेकऱ्यांना तीन रात्रींत या दोन बायांच्या येण्याजाण्याची सवय होते. चौथ्या रात्री त्या नेहमीप्रमाणे बाहेर पडतात, अन्नाच्या पिशवीत होलोफर्नेसचे मुंडके असते. धर्माचरण हीच तिची युद्धनीती आहे. एस्तेरच्या हिब्रू ग्रंथात जे जे नाही म्हणून संपादक कासावीस झाले, ते सगळे, प्रार्थना, व्रत, आहारशुद्धी, यहुदीतमध्ये काठोकाठ आहे. तरी एस्तेर आत आणि यहुदीत बाहेर.

का? काही स्त्रीवादी अभ्यासक सांगतात की ती फार स्वतंत्र होती. वडीलधाऱ्यांना झापते, पुरुषाशिवाय मोहीम पार पाडते, पुन्हा लग्न करत नाही, स्वतःची मालमत्ता स्वतः वाटते, दासीला मुक्त करते आणि १०५ वर्षांची होऊन मरते. एस्तेर निदान नवऱ्याच्या महालात आणि मर्दखयाच्या सल्ल्यात राहते. हे कारण आकर्षक आहे आणि त्यात थोडे तथ्यही असावे. पण मला ते पुरेसे वाटत नाही. मक्काबींच्या पुस्तकांतला पराक्रम पुरुषांचा, तरी ती बाहेर राहिली. बायांवर तोंडसुख घेणारा बेन सिरा बाहेर राहिला. उलट पाहुण्याच्या कानशिलात मेख ठोकणारी याएल आत आहे. दुसरे कारण सांगतात ते अम्मोनी अखियोरचे. तो यहुदीतचा विजय पाहून ज्यू होतो, आणि ‘अनुवाद’मध्ये अम्मोनी व मवाबी लोकांना मज्जाव आहे. पण रूथ तर मवाबीच होती, आणि दावीद राजाची पणजी म्हणून तिच्यासाठी रब्बींनी वाट काढली की हा मज्जाव फक्त पुरुषांना आहे. अखियोर पुरुष पडला.

भाषेचे कारणही धड लागू पडत नाही. कुमरानला तोबीत या ग्रंथाच्या अरामी आणि हिब्रू प्रती मिळाल्या, मसादाच्या किल्ल्यात बेन सिराचा हिब्रू मजकूर मिळाला, तरी दोन्ही बाहेरच. उशिरा लिहिलेले म्हणावे तर दानीएल त्याच काळातला, पण तो स्वतःला जुना म्हणवतो. मला वाटते, उशिराचे लेखन, मक्काबी राजघराण्याबद्दल रब्बींचा आखडता हात आणि मुख्य म्हणजे वाचनाचा ठरलेला दिवस नसणे, या तिन्हींचा एकत्र परिणाम झाला. यहुदीत घडली आहे तीच मुळी जुन्या ग्रंथांतून: दबोराचे धैर्य आणि विजयगीत, याएलचा तंबू. तिचा लेखक पवित्र ग्रंथांचा मुरलेला वाचक होता. त्याच्या वेळेपर्यंत त्या ग्रंथांची दारे जवळजवळ मिटत आली होती.

मजेची गोष्ट अशी की पुढे तिला सणही मिळाला. मध्ययुगातल्या हिब्रू कथांनी तिची गाठ हनुक्का या दिव्यांच्या सणाशी घातली. बाराव्या शतकातले रशबाम यांच्या नावावर मत आहे की पुरीमचा चमत्कार एस्तेरच्या हातून आणि हनुक्काचा यहुदीतच्या हातून झाला. त्या कथांत ती सेनापतीला चीज खाऊ घालते, त्याला तहान लागते, मग दारू. हनुक्काला दुधाचे पदार्थ खाण्याची चाल त्यावरून पडली, असे सोळाव्या शतकातले मोशे इस्सर्लेस नोंदवतात. याएलचे दूध इथे परत आले आहे. इटलीत हनुक्काच्या दिव्यांवर हातात तलवार घेतलेली यहुदीत घडवू लागले. ग्रंथाच्या यादीत ती तरीही गेली नाही, आणि आता कोणाला त्याची गरजही वाटेनाशी झाली.

सुसान्ना आणि सात मुलांची आई यांच्याबद्दल थोडक्यात. बाबेलमधल्या सुसान्नेवर दोन वृद्ध न्यायाधीश खोटा आळ घेतात आणि तरुण दानीएल त्यांना वेगवेगळे करून उलटतपासणीत पकडतो. तिसऱ्या शतकात युलियस आफ्रिकानस या चिकित्सकाने ही कथा हिब्रू नव्हे म्हणून शंका घेतली. ऑरिजेनने उत्तर दिले की वडीलधाऱ्यांची बेअब्रू होते म्हणून वडीलधाऱ्यांनीच ती ग्रंथातून काढून टाकली. पुरावा आफ्रिकानसच्या बाजूने आहे, पण ऑरिजेनचा संशय अगदीच बिनबुडाचा म्हणवत नाही. सात मुलगे डोळ्यांदेखत मारले जात असताना त्यांना धीर देणारी आई मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात निनावी आहे; तल्मूदने तिची गोष्ट पत्करली, पुस्तक नाही.

ख्रिस्ती जगात या फळ्यांची पुन्हा उलथापालथ झाली. जेरोमने बेथलेहेममध्ये बसून लॅटिन बायबल सिद्ध केले. पौला आणि तिची मुलगी युस्टोखियम या रोमन बाया तिथे त्याच्याबरोबर होत्या. खर्च पौलाचा, आणि दोघी हिब्रू शिकल्या होत्या. हिब्रूत नसलेले ग्रंथ प्रमाण नव्हेत असे जेरोमचे मत, त्यामुळे यहुदीतचे भाषांतर त्याने नाखुशीने एका रात्रीत उरकले, असे तोच लिहितो. त्याच्या लॅटिन मजकुरात महायाजक यहुदीतचे कौतुक करतो ते तिने पातिव्रत्य जपले, दुसरा पुरुष केला नाही म्हणून. ग्रीकमध्ये कौतुक आहे ते तिने केलेल्या कामाचे. पुढे लूथरने १५३४च्या जर्मन बायबलमध्ये असे ग्रंथ वेगळे काढून दोन करारांच्या मधे ठेवले, तर ट्रेंटच्या परिषदेने १५४६ साली ते कॅथलिकांसाठी प्रमाण ठरवले. १८२६ साली ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने या मधल्या ग्रंथांच्या छपाईला पैसे देणे थांबवले. एकोणिसाव्या शतकात जगभर ज्या भाषांत बायबल पोचले, त्यांतल्या बहुतेकांत यहुदीत न पोचण्याचे कारण हा हिशेबाचा निर्णय आहे.

मराठीही त्यांतलीच. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल एकटीने मराठीत आणले; १९२२ साली मृत्यूच्या आधी ते काम पुरे झाले. एका बाईने केलेल्या त्या भाषांतरातही यादी प्रोटेस्टंटच होती, त्यामुळे दबोरा आणि एस्तेर मराठीत बोलल्या, यहुदीत बोलली नाही. विधवांसाठी आयुष्य वेचलेल्या रमाबाईंनी ही गच्चीवरची विधवा मराठीत कशी उभी केली असती, हे वाचायला मला आवडले असते.

या विषयाचा कोकणाशी एक धागा आहे आणि तो बेने इस्राएल या तिथल्या ज्यू समाजाचा. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांचे वंशज अशी त्यांची परंपरा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेल्या आणि १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासात या समाजाच्या सणांची जुनी मराठी नावे आहेत. पुरीमला ते होळीचा सण म्हणत. हनुक्का मात्र त्यांच्या जुन्या सणांत नव्हता. तो बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर कळला. केहीमकरांनी त्यावरून पूर्वज मक्काबी युद्धाआधीच निघाले असावेत असे अनुमान काढले. अनुमान बरोबर असो वा नसो, गुंडाळी जवळ नसतानाही एका बाईच्या सणाची आठवण या समाजाने कोकणात सांभाळली, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनेही रचली.

वाचकांना एक सुचवते. संग्रहाच्या क्रमाने जाऊ नका. आधी ‘शास्ते’चा चौथा आणि पाचवा अध्याय मुळातून वाचा, मग यहुदीत, मग एस्तेर, आणि रूथ शेवटी, सावकाश. घरातल्या बायबलमध्ये यहुदीत सापडली नाही तर कॅथलिक आवृत्ती मागून घ्या. तिथे ती तोबीत आणि एस्तेर यांच्या मधे आहे.